उन्हाळ्याच्या तोंडावर डोंगर-तळ्यांच्या भागात जाताय? हवामानाचा अंदाज असा वाचा

ॲपमध्ये एक सूर्य, त्याला चिकटलेला छोटासा ढग आणि खाली २४ अंश. सपाटीवरच्या शहरात एवढ्यावर दिवस निभावतो. डोंगर आणि तळी एकत्र असलेल्या ग्रामीण भागात मात्र हे चित्र जवळजवळ निरुपयोगी, कारण तिथे एकाच दिवशी, एकाच वेळी, दहा किलोमीटरच्या आत तीन वेगवेगळी हवामानं नांदत असतात. म्हणून ‘उद्या पाऊस आहे का’ हा प्रश्न बाजूला ठेवा. किती वाजता, किती उंचीवर आणि कुठल्या बाजूच्या उतारावर, हे तीन प्रश्न विचारायची सवय लावली की तोच फुकटचा अंदाज कितीतरी जास्त बोलू लागतो.

उन्हाळ्याची सुरुवात हा या भागातला सगळ्यात फसवा काळ. उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण डोंगरांत तो साधारण मे ते जूनचा मध्य, दक्षिण गोलार्धात नोव्हेंबर-डिसेंबर. ऊन भर उन्हाळ्याइतकंच कडक असतं, पण माथ्यावर बर्फ शिल्लक असतो आणि तळ्याचं पाणी अजून हिवाळ्यातून बाहेर आलेलं नसतं. तापलेली दरी, गार पाणी आणि त्याहून गार माथा यांच्यातला हा फरकच तिथलं रोजचं हवामान घडवतो. उष्ण कटिबंधातल्या, बर्फ न पडणाऱ्या डोंगरांत जाणार असाल तर खालचा बर्फाचा भाग सोडून द्या. दुपारच्या गडगडाटाचा भाग तिथेही लागू आहे.

महिनाभर आधी: हंगामी अंदाज किती मनावर घ्यायचा

हंगामी अंदाज बहुधा तीन कप्प्यांत दिला जातो: सरासरीपेक्षा कमी, सरासरीच्या आसपास, सरासरीपेक्षा जास्त. काहीच माहिती नसेल तर प्रत्येक कप्प्याची शक्यता सुमारे ३३ टक्के. त्यामुळे ‘सरासरीपेक्षा उष्ण राहण्याची शक्यता ४५ टक्के’ असं वाचलं तर त्याचा अर्थ पारडं थोडं झुकलंय, इतकाच. सरासरी म्हणजे तीस वर्षांची, सध्या बहुतेक ठिकाणी १९९१ ते २०२० या काळातली.

यावरून सहलीची तारीख ठरवू नये. उपयोग वेगळाच आहे. हिवाळ्यात बर्फ भरपूर पडला असेल आणि पुढचे तीन महिने उष्ण सांगितले असतील, तर ओढे जोरात वाहणार आणि उंच खिंडी उशिरा मोकळ्या होणार. बर्फ कमी आणि हंगाम कोरडा असेल तर वणव्याचे निर्बंध लवकर लागू शकतात आणि तळ्यांची पातळी खाली जाते. सामान आणि पर्यायी वाटा ठरवायला एवढं पुरे.

आठवडाभर आधी: फक्त कल बघा

सात दिवसांनंतरच्या दुपारी तीन वाजता किती मिलिमीटर पाऊस पडणार हे ॲप छातीठोकपणे सांगतं. त्यावर विश्वास ठेवू नका. या टप्प्यावर बघायचं ते एवढंच, की मोठी रचना काय आहे: उच्च दाबाचा पट्टा ठाण मांडून आहे, की पश्चिमेकडून एकामागून एक पावसाचे पट्टे सरकताहेत.

त्यासाठी समूह अंदाज सगळ्यात कामाचा. एकच प्रारूप, म्हणजे हवामानाचा हिशोब करणारा संगणकी कार्यक्रम, सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून अनेक वेळा चालवतात. युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या समूहात अशा ५० बदललेल्या धावा आणि एक मूळ धाव असते. आलेखातल्या रेषा बुधवारपर्यंत एकमेकींना चिकटून आणि गुरुवारपासून विस्कटलेल्या दिसल्या, तर बुधवारपर्यंतचा बेत पक्का करा आणि गुरुवार मोकळा ठेवा. वेगवेगळी चार ॲपं उघडून त्यातलं आपल्याला सोयीचं निवडण्यापेक्षा हे बरं. बऱ्याच ॲपांच्या मागे तीच दोन-तीन प्रारूपं असतात, त्यामुळे चार ठिकाणी एकच आकडा दिसला म्हणून तो चौपट खरा होत नाही.

तीन दिवस आधी: आकडा कुठल्या उंचीचा, ते शोधा

ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि अर्धी गडबड इथेच होते.

जागतिक प्रारूपं पृथ्वीचे चौकोन पाडून हिशोब करतात. युरोपीय प्रारूपाचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा, अमेरिकेच्या जीएफएसचा सुमारे १३ किलोमीटरचा. एवढ्या चौकोनात तळं, गाव, दरी आणि शिखर सगळं मावतं आणि प्रारूप त्या सगळ्याची मिळून एकच बोथट उंची धरतं. काही संकेतस्थळं ती उंची दाखवतात. ती आधी शोधा. समजा तळ्याकाठचं गाव ९०० मीटरवर आहे आणि अंदाज १,५०० मीटरचा आहे. मग गावातलं तापमान दाखवल्यापेक्षा चारेक अंशांनी जास्त असणार.

हिशोब सोपा आहे: दर १,००० मीटरला सरासरी ६.५ अंश. गावात २४ अंश असतील तर २,४०० मीटरवरच्या खिंडीत १४ च्या आसपास. कडक उन्हाच्या दुपारी, हवा चांगली घुसळलेली असताना, हा उतार ९-१० अंशांपर्यंत जातो. पहाटे उलटं होऊ शकतं: थंड हवा जड असल्याने ती रात्रभर दरीत साचते आणि गाव कुडकुडत असताना दोनशे मीटर वरचा उतार उबदार असतो.

त्यात वारा मिळवा. ५ अंश तापमान आणि ताशी ४० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला ते शून्याच्या जरा खाली जाणवतं. खाली टी-शर्टवर फिरणाऱ्या माणसाला वर टोपी-हातमोजे लागतात, ते यामुळे.

मग शून्य अंशाची पातळी बघा. डोंगरी अंदाजात ती मीटरमध्ये दिलेली असते. बर्फ साधारणपणे त्या पातळीच्या दोन-तीनशे मीटर खालपर्यंत पोचतो आणि पावसाची सर जोरदार असेल तर आणखी खाली, कारण वितळणारा बर्फ भोवतीची हवा गार करत जातो. पातळी ३,००० मीटर आणि तुमची वाट २,८०० वरून जात असेल, तर ‘पावसाची शक्यता’ हे शब्द ‘बर्फाची शक्यता’ असे वाचायचे.

उन्हाचंही तेच. दर १,००० मीटरला अतिनील किरणं १० ते १२ टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. हवा गार म्हणून ऊन जाणवत नाही, आणि संध्याकाळी हनुवटीखालची कातडी सोललेली असते. गॉगल चैनीची वस्तू नाही.

आदल्या दिवशी: गडगडाटाचं घड्याळ मांडा

डोंगरातला उन्हाळी पाऊस बऱ्याचदा कुठून चालत येत नाही. तो जागेवरच शिजतो. सकाळचं ऊन पूर्वेकडच्या उतारांवर आधी पडतं, तिथली हवा तापून वर चढते, माथ्यावर दोन्ही बाजूंनी आलेले प्रवाह भेटतात आणि ढग उभे राहू लागतात. दहा-अकराला माथ्यांवर पांढरे पुंजके, बारा-एकला त्यांचे मनोरे, दोन ते सहाच्या दरम्यान गडगडाट, रात्री पुन्हा चांदणं. उच्च दाबाच्या ‘चांगल्या’ दिवसांतही हे चक्र चालतं. ॲपमधला सूर्याशेजारचा छोटा ढग बहुतेक वेळा याच चक्राविषयी बोलत असतो.

आता टक्केवारी. पावसाची शक्यता ४० टक्के याचा अर्थ दिवसातला ४० टक्के वेळ पाऊस, असा नाही. त्या ठिकाणी त्या कालावधीत मोजण्याइतका पाऊस पडण्याची ती शक्यता आहे. म्हणून दिवसाचा एकत्र आकडा सोडून तासवार आकडे उघडा. सकाळी ५ टक्के आणि चारला ६० टक्के असेल, तर सकाळ मोकळी आहे. रात्रभर सरसकट ४० दिसत असेल तर मामला वेगळा, तो पट्ट्यातून येणारा पाऊस आहे आणि त्याला घड्याळ नसतं.

एक गणित स्वतः करून बघण्यासारखं आहे. दुपारच्या तापमानातून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं तो आकडा) वजा करा आणि १२५ ने गुणा. येईल तो ढगाच्या तळाचा जमिनीपासूनचा अंदाजे मीटरमधला आकडा. गाव १,००० मीटरवर, तापमान २४, दवबिंदू १२: फरक १२, म्हणजे १,५०० मीटर, म्हणजे ढगाचा तळ समुद्रसपाटीपासून २,५०० वर. तुमची डोंगरधार २,६०० मीटर उंच असेल तर दुपारी तुम्ही ढगाच्या पोटात असणार, समोरची वाट दिसणार नाही. दवबिंदू कालच्यापेक्षा दोन-तीन अंशांनी वाढलेला दिसला तर ढगांना इंधन जास्त आणि सुरुवातही लवकर.

अंदाजात ‘केप’ नावाचा आकडा दिसला तर तो वातावरणातल्या उसळीच्या ऊर्जेचा. सपाटीवर १,००० जूल प्रति किलोच्या खाली असेल तर फारसं मनावर घेत नाहीत. डोंगरात मात्र तापलेला उतारच हवेला पहिला धक्का देतो, त्यामुळे काही शेकड्यांवरही वीज कोसळते.

यावरून दिवसाचा साचा आपोआप ठरतो. पहाटे निघा, माथा अकराच्या आत गाठा आणि बाराच्या सुमारास झाडांच्या रेषेखाली परता. ‘मागे फिरायची वेळ’ आदल्या रात्री कागदावर लिहा. शिखर शंभर मीटरवर दिसत असताना माणसाचं डोकं स्वतःच्याच बाजूने वकिली करतं, तेव्हा लिहिलेला आकडा कामी येतो.

विजेबद्दल थोडं सविस्तर

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा: तेवढे किलोमीटर अंतर. ३० सेकंद किंवा कमी, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत, आणि त्याआधीच आसरा गाठलेला हवा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. दऱ्याखोऱ्यांत कडे चमक झाकतात आणि आवाज घुमतो, त्यामुळे मोजणी जमली नाही तर गडगडाट ऐकू आला एवढंच कारण पुरेसं धरा. पाऊस पडत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, वीज पावसाच्या सरीपासून दूरही पडते.

आसरा म्हणजे पक्की इमारत किंवा पत्र्याचं छत असलेली बंद गाडी. तंबू, एकटं झाड, उथळ कपार, बाजूंनी उघडी शेड यांपैकी काहीही आसरा नव्हे. उघड्यावर सापडलात तर धारेवरून आणि माथ्यावरून खाली उतरा, पाण्यापासून दूर व्हा, एकमेकांत अंतर ठेवा. उकिडवं बसल्याने माणूस सुरक्षित होतो हा समज सोडा. तो शेवटचा नाइलाज आहे. तळ्यात होडीत असाल तर तुम्हीच सगळ्यात उंच टोक असता.

तळ्याचा वारा

तळ्याकाठी उभं राहून आकाश बघणारा माणूस उन्हाळ्याच्या सुरुवातीला हमखास फसतो. गार पाण्यावरची हवा गार आणि जड असते, ती वर चढत नाही, त्यामुळे तळ्याच्या बरोबर वर निळं भोक राहतं. त्याच वेळी मागच्या डोंगरधारेवर ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगत असतात. काठावरच्याला आभाळ मोकळं दिसतं आणि तो होडी ढकलतो. संध्याकाळी डोंगरातला ढग पाऊस पाडू लागला की त्याखालची गार हवा उतारावरून खाली कोसळते आणि पावसाच्या कितीतरी आधी तळ्यावर येऊन आदळते. चिन्हं ओळखा: गरम दुपारी अचानक गार झुळूक, आणि दूरच्या काठाकडून पाण्यावर सरकत येणारी गडद रेघ. ती रेघ म्हणजे वाऱ्याची कड. ती दिसल्यावर हातात फार तर काही मिनिटं असतात.

हे वादळाचं झालं. रोजच्या वाऱ्यालाही वेळापत्रक असतं. दिवसा वारा तळ्याकडून जमिनीकडे आणि दरीतून वर, रात्री आणि पहाटे उतारावरून खाली आणि जमिनीकडून तळ्याकडे. लांबट, दोन्हीकडे डोंगर असलेल्या तळ्यांत हा वारा नळीतून यावा तसा जोर धरतो. इटलीतल्या गार्डा सरोवरावर सकाळी उत्तरेकडून पेलेर वाहतो आणि दुपारी दक्षिणेकडून ओरा. कोमो सरोवरावर तिवानो आणि ब्रेवा अशी जोडी आहे. ही नावं अंदाजात दिसणार नाहीत, पण स्थानिक कोळ्याला ती घड्याळासारखी पाठ असतात. प्रारूपाला अरुंद दरी दिसतच नाही, त्यामुळे इथे गावकऱ्याचं एक वाक्य तासवार तक्त्यापेक्षा जास्त मोलाचं. ‘इथे वारा किती वाजता सुटतो आणि कुठल्या बाजूने?’ एवढंच विचारा.

अंदाजात वाऱ्याची सरासरी आणि झोत (मध्येच येणारा जोराचा झटका) असे दोन आकडे असतात. होडीसाठी झोताचा आकडा धरायचा. पाण्यावर लाटांचे तुरळक पांढरे माथे दिसू लागले की वारा ताशी १२ ते १९ किलोमीटरच्या घरात, सगळीकडे दिसू लागले की २० ते २८. नवख्या वल्हेकऱ्याने पहिल्या टप्प्यालाच काठ गाठावा. वारा काठाकडून पाण्याकडे वाहत असेल तर आणखी जपा: काठाजवळ झाडांच्या आडोशाने पाणी गुळगुळीत असतं, शंभर मीटर आत गेल्यावर खरा जोर कळतो आणि तोवर वारा तुम्हाला आतच ढकलत असतो. जाताना वाऱ्याविरुद्ध जा, येताना तो मदतीला राहील. आडवं तळं ओलांडण्याऐवजी काठाकाठाने जा.

पाण्याचं तापमान हवेच्या अंदाजात नसतं

हवा २६ अंश, पाणी ९ अंश, हे या हंगामात अगदी नेहमीचं. वरचा कोमट थर हातभर जाडीचा असतो आणि जोराच्या वाऱ्याने तो दुसऱ्या काठाला लोटला की खालचं गार पाणी वर येतं. काल पोहता आलं म्हणून आज येईलच असं नाही. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडल्यास पहिला धोका श्वासाचा: अनावर धाप लागते आणि तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच संपतं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हे चुकत नाही. अतिथंड पाण्यासाठी १-१०-१ असं सूत्र शिकवतात: एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटं हातपाय उपयोगी पडतील तेवढी, आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण एक तास. लाइफ जॅकेट होडीत ठेवून उपयोग नाही, अंगात हवं.

ओढ्यांचं गणित सोपं. बर्फ दिवसा वितळतो आणि पाणी खाली यायला वेळ लागतो, म्हणून ओढा पहाटे सगळ्यात कमी आणि दुपार उलटल्यावर ते रात्रीपर्यंत सगळ्यात जास्त असतो. सकाळी घोट्याइतकं ओलांडलेलं पाणी परतताना मांडीपर्यंत असू शकतं. वरच्या खोऱ्यात गडगडाट असेल तर तुमच्यावर ऊन असतानाही पाणी गढूळ होऊन चढतं, काड्यापाला वाहून येऊ लागतो. तसं दिसलं तर ओलांडायचा विचार सोडून उंच जागी सरका.

रात्र आणि पहाट

आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर दरीच्या तळाशी दव गोठू शकतं, अंदाज ३ अंश सांगत असला तरी. तापमान जमिनीपासून दीड-दोन मीटरवर मोजतात आणि अशा रात्री जमीन त्याहून काही अंश गार असते. रोपं लावणाऱ्यांनी ती झाकावीत, तंबू टाकणाऱ्यांनी खोलगट भाग टाळून थोडं वर सरकावं. गवत कापून वाळवणाऱ्यांनी पावसाच्या आकड्याबरोबर आर्द्रता आणि रात्रीचं दवही बघावं.

तळ्यावरचं धुकं दोन प्रकारचं. शांत रात्रीनंतरचं धुकं ऊन चढलं की विरतं. दमट, उबदार वारा गार पाण्यावर आल्याने झालेलं धुकं मात्र वारा बदलेपर्यंत बसून राहतं, ‘दहापर्यंत जाईल’ हा आडाखा तिथे चालत नाही.

निघायच्या सकाळी

रात्रीचा अंदाज शिळा झालेला असतो, सकाळी नवा बघा. नकाशावरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असेल तर स्थानिक वेळेत बदलून घ्या. इशाऱ्यांचे रंग वाचताना लक्षात ठेवा की इशारा बहुधा अख्ख्या जिल्ह्याएवढ्या भागासाठी असतो. पिवळा असला तरी तुमची वाट उघड्या धारेवरून असेल तर तो तुमच्यापुरता नारिंगीच.

रडार पुढच्या तास-दोन तासांसाठी उत्तम, पण डोंगर त्याचे किरण अडवतात आणि लांबवर किरण जमिनीपासून फार उंचावरून जातात. म्हणून दरीवरचा कोरा नकाशा म्हणजे कोरडी दरी असं धरू नका. शेजारी उपग्रहाचं चित्र उघडून ढग खरंच नाहीत ना ते पडताळा. वर नेटवर्क नसतं, तेव्हा तासवार तक्त्याचा स्क्रीनशॉट वेळेसकट काढून ठेवा.

घड्याळात उंचीमापक असेल तर तो हलवता वायुभारमापकही आहे. मुक्कामी रात्री १,८०० मीटर दाखवत होता आणि तुम्ही न हलता सकाळी १,८५० दाखवतोय, म्हणजे दाब सुमारे ५ हेक्टोपास्कलने उतरलाय. काहीतरी येतंय, बेत आखडता घ्या.

वाटेत दर तासाला थांबून चारी दिशांना आभाळ बघा. पुंजका रुंदीपेक्षा उंच झाला, त्याच्या कडा ठसठशीत होत्या त्या धूसर झाल्या किंवा माथा सपाट होऊन एका बाजूला पसरू लागला, की घड्याळात काहीही वाजलेलं असो, उतरायला लागा. शिखरामागे भिंगाच्या आकाराचे, जागचे न हलणारे ढग दिसले तर वर जोराचा वारा आहे. सोबत दरीत अवेळी कोरडी ऊब जाणवली तर तो डोंगर उतरून आलेला वारा असू शकतो, आणि तो तासाभरात तळं खवळवतो.

जाताना गावात कुणाला तरी वाट, परतायची वेळ आणि त्यानंतर किती वाजता शोधाशोध सुरू करायची, हे तिन्ही सांगून निघा. परतल्यावर त्यांना कळवायला विसरू नका.